हाताचं वळण

मिरजेत इम्तियाज मुजावरच्या वडिलांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेला टीव्ही नीट चालतो की नाही हे बघायला ते त्याला व्हिडिओ गेम जोडून ठेवत, आणि ते बघायचं काम इम्तियाज आणि समोरच्या घरातली शाल्मली बिरनाळे यांच्याकडे असे. दुकानात कॅसेट एकच होती. तिच्यावरची अक्षरं परदेशी, कुणालाच न वाचता येणारी. हातात कंदील घेतलेला एक ठेंगणा माणूस गुहेत शिरायचा, फटींवरून उड्या मारायचा, वरून सुटणारे दगड चुकवायचा. मुलांनी त्याचं नाव कंदीलवाला ठेवलं.

दोघं पंचेचाळिशीला आले तरी ते नाव चालूच होतं. शाल्मली आता कुपवाडच्या एमआयडीसीत यंत्रांचे कंट्रोल प्रोग्रॅम लिहायची आणि इम्तियाज एका खाजगी ट्रॅव्हल्सची सकाळची मिरज-पुणे गाडी चालवायचा. तो खेळ बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. पण परदेशातल्या काही हौशी मंडळींनी खेळ आतून उघडून पाहिला होता, आणि त्यांनी बाहेर काढलेल्या तुकड्यांवरून शाल्मलीने तिशीतच त्याचं इंजिन नव्याने उभं केलं होतं.

इंजिन म्हणजे खेळाचे नियम चालवणारा गाभा. उडी किती उंच जाईल, पडताना वेग कसा वाढेल, दगड नेमका केव्हा सुटेल, हे सगळं तिथे ठरतं. चित्रं बदला, संगीत बदला, गुहा बदला, गाभा तोच राहतो. शाल्मलीने तो आजच्या पडद्यांवर चालेल असा केला, गुहा आखायचं एक सोपं साधन त्याला जोडलं, आणि सगळं फुकट खुलं करून टाकलं. ज्याला हवं त्याने घ्यावं, बदलावं, वाटेल तिथे वापरावं. बघता बघता देशोदेशीचे लोक त्यावर आपापले कंदीलवाले बनवायला लागले. सगळ्यांत अवघड गुहा मात्र इम्तियाजच्या. सुट्टीच्या दिवशी तो दंडोबाच्या डोंगरातलं लेणं आखायचा, कृष्णेच्या पुरात बुडत जाणारा घाट आखायचा, आणि 'मिरज एक्सप्रेस' या नावाने स्वतःच सगळ्यांना हरवून दाखवायचा.

जुने खेळाडू तरीही कुरकुरत. उडी पूर्वीसारखी लागत नाही, म्हणत. त्यात तथ्य होतं. जुन्या जाडजूड टीव्हीवर बटण दाबताक्षणी चित्र हलायचं. नवे पडदे आधी चित्र सजवतात आणि मग दाखवतात, त्यात किंचित वेळ जातो. शिवाय खेळणाऱ्यांची बोटंही आता दहा वर्षांच्या पोरांची राहिली नव्हती. म्हणून शाल्मलीने इंजिनात एक नवा भाग घातला. दगड सुटल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला, बोट बटणावर किती वेळ राहिलं, आणि दर खेपेला या दोन्हींत किती फरक पडला, हे तो मोजायचा. त्यावरून हळूहळू त्या माणसाचा हात ओळखायचा. हात केसभर उशिरा येणारा असेल, तर कंदीलवाला कड्यावर केसभर जास्त थांबायचा. खेळणाऱ्याला यातलं काही कळत नसे. त्याला फक्त वाटे, हां, आता जमतंय. अक्षराला असतं तसं हातालाही वळण असतं, म्हणून तिने या भागाला 'वळण' असं नाव दिलं.

शिवाय तिने 'सावली' दिली होती. कुणीही खेळलेला डाव जसाच्या तसा साठवला जायचा, आणि दुसऱ्या कुणालाही त्या सावलीशी शर्यत लावता यायची. सगळ्यांच्या सावल्या सगळ्यांना खुल्या. चाहत्यांच्या जगात लपवण्यासारखं काही नसतं, असंच तेव्हा सगळे मानत होते.

इम्तियाजच्या उजव्या हाताला वळण दर महिन्याला थोडी जास्त सूट देत होतं, हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा शाल्मलीला ती आपलीच चूक वाटली. त्याचे गुण तर जराही घसरले नव्हते. तिने प्रोग्रॅम ओळीओळीने तपासला. त्याचं जॉयस्टिक बदलून दिलं, पडदा बदलायला लावला. सूट वाढतच राहिली. मग तिने तसाच चढत जाणारा आलेख आणखी कुणाचा आहे का हे शोधलं. मोजकेच निघाले. तुमचं जॉयस्टिक कोणतं, इतकंच तिने त्यांना लिहून विचारलं.

पोर्तुगालच्या एका निवृत्त शिक्षकाने कळवलं की त्याने खेळणं सोडलं आहे, डॉक्टरांनी त्याला पार्किन्सन, म्हणजे कंपवात असल्याचं सांगितलं आहे. दुसरं उत्तर एका खेळाडूच्या बायकोने लिहिलं होतं. तिसऱ्या उत्तरानंतर शाल्मलीने विचारणं बंद केलं.

मिरजेतल्याच मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर ऐनापुरे यांच्याकडे ती आलेख घेऊन गेली. ऐनापुरेबाईंनी सगळे आलेख टेबलावर पसरून एकेक पाहिला.

"हाताची हालचाल ठरवणाऱ्या मेंदूतल्या काही पेशी मरायला लागतात," त्या म्हणाल्या. "पण हात थरथरायला लागतो तोपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. त्याआधी कितीतरी वर्षं हाताच्या लयीत बारीक बिघाड होत असणार, हे आम्हाला माहीत आहे. दिसत मात्र नाही. दिसायला एकच काम वर्षानुवर्षं तंतोतंत एकसारखं करवून घ्यावं लागेल. कोण करणार?"

शाल्मलीला ते तिथेच उमगलं. आताचे खेळ दर खेपेला बदलतात. कंदीलवाल्यात नशिबाला जागाच नव्हती. तोच दगड, त्याच क्षणी, त्याच जागी. तिने नकळत हजारो माणसांकडून रोज एकच वाक्य लिहवून घेतलं होतं आणि सगळ्या वह्या जपून ठेवल्या होत्या.

"हे होणारच का?" तिने विचारलं.

"माझा अंदाज, दहातल्या आठांना. कुणाला पाच वर्षांत, कुणाला आठ. दोघांना कधीच काही होणार नाही."

"ते दोघं कोण, हे कळतं?"

"नाही." ऐनापुरेबाईंनी एका आलेखावर बोट ठेवलं. "हा आपल्याकडचा दिसतोय. मिरज एक्सप्रेस. ओळखता का?"

"नाही," शाल्मली म्हणाली.

कंपनीच्या कामाला तिला अधूनमधून पुण्याला जावं लागे. इतकी वर्षं ती इम्तियाजच्याच गाडीने जायची, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून, सगळी वाट नव्या गुहांबद्दल बोलत. त्या महिन्यात तिने दुसऱ्याच ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं. ती गाडी सोयीच्या वेळेला आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. पुढच्या खेपेलाही तेच सांगितलं.

कराडच्या पुढे हायवेवर एक हॉटेल आहे, तिथे सगळ्याच गाड्या नाश्त्याला थांबतात. शाल्मली हात धुऊन वळली तर समोर इम्तियाज उभा.

"मागच्या महिन्यातही तू त्या गाडीत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, दुसरं कुणी असेल. काय झालंय, शालू?"

"काही नाही. वेळ जमत नव्हती."

"माझी गाडी अन् ही गाडी एकाच वेळी इथं उभी आहे. सांग की."

तिने सांगितलं. त्या बेसिनजवळ, लोक हात धुवायला मागे रांगेत उभे असताना, होतं तेवढं सगळं सांगितलं. इम्तियाजने मधे एकदाही अडवलं नाही. तिचं झाल्यावर त्याने आपला उजवा हात समोर धरून बघितला. हात स्थिर होता.

"कधीपासून माहीत आहे?"

"गणपतीच्या आधीपासून."

"आता दिवाळी येईल." त्याने गाडीकडे पाहिलं. क्लीनर शिट्टी मारून माणसं गोळा करत होता. "म्हणजे माझ्या गाडीत बसायची भीती वाटली, तरी गाडीतल्या बाकीच्यांना सांगावं असं नाही वाटलं. मलाही नाही."

"डॉक्टर म्हणाल्या, अजून वर्षं आहेत. आज काहीच धोका नाही."

"मग ये बस. पुढची सीट रिकामी आहे."

"माझं सामान त्या गाडीत आहे," ती म्हणाली.

इम्तियाजने मान हलवली आणि तो गेला. त्याची गाडी आधी सुटली. पुण्यापर्यंत ती शाल्मलीला पुढे दिसत राहिली, आपल्या लेनमध्ये, सरळ.

त्यानंतर त्याने नव्या गुहा पाठवणं बंद केलं. एकच ओळ पाठवली: माझ्या सगळ्या सावल्या पुसून टाक. तिने त्याच दिवशी पुसल्या. पण 'मिरज एक्सप्रेस'च्या सावलीला हरवणं ही चाहत्यांत मोठी गोष्ट होती. कितीतरी जणांनी ती आपल्याकडे उतरवून ठेवली होती. शाल्मलीने त्यांना विनंत्या केल्या. काहींनी पुसल्या. काहींनी विचारलं, का?

डॉक्टर ऐनापुरे यांनी या आलेखांवरचा आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात कुणाचंही नाव नव्हतं, दहातल्या दोघांचा उल्लेख ठळकपणे होता. लवकर निदान झालं तर औषधं शोधायला मदत होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

निबंधापाठोपाठ बंगळुरूच्या एका कंपनीचा माणूस शाल्मलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटवर आला. साधा, नम्र, चपला दाराबाहेर काढून आत आलेला. त्याने कंदीलवाल्याची खूप स्तुती केली. लहानपणी आपणही तो खेळलोय, म्हणाला. मग कंपनी वळण वापरून काय करणार आहे ते सांगितलं.

"मी परवानगी देणार नाही," शाल्मली म्हणाली.

"मी परवानगी मागायला आलो नाही, मॅडम," तो तितक्याच नम्रपणे म्हणाला. "ती तुम्ही आधीच दिलेली आहे. सगळ्यांना. मी फक्त भेटायला आलो, आभार मानायला."

फोनवर खेळायची एक छोटी गुहा आली. दहा मिनिटं खेळायची, फोन तो हात आधीच जमलेल्या हजारो सावल्यांशी ताडून बघणार, आणि हाताचा दाखला घ्यायचा. विमा कंपन्यांनी आधी सक्ती केली नाही, खेळणाऱ्याला फक्त सवलत दिली. मग न खेळणारा माणूस काय लपवतोय, असा प्रश्न आपोआपच उभा राहिला. शाळेच्या बसचालकांना खेळायला लावलं तेव्हा पालकांनी आनंदाने सह्या दिल्या. पुढे घरासाठी कर्ज देणारे विचारू लागले, परदेशी शिकायला पाठवणारे विचारू लागले. दहातल्या दोघांचा विषय कुठेच निघत नव्हता. दाखल्यावर तेवढी जागाच नव्हती. काहींना या दाखल्यामुळे वेळेवर उपचार मिळाले. त्यांचे हसरे फोटो वर्तमानपत्रांत यायचे, आणि ते फोटो बघून शाल्मलीला आपण नेमकं कशाविरुद्ध आहोत हेच सांगता येत नसे.

तिने वळणाशिवायचं इंजिन काढून पाहिलं. ते कुणी घेतलं नाही. उडी जमत नाही, म्हणाले.

ट्रॅव्हल्सच्या मालकाने सगळ्या ड्रायव्हरांना एका सकाळी ऑफिसात बोलावलं आणि हातात फोन दिले. इम्तियाज डाव्या हाताने खेळला. फोनने उजव्या हाताने खेळा असं सांगितलं. तो मुद्दाम चुकत खेळला. मुद्दाम केलेल्या चुकांचंही वळण असतं, तेही फोनला ओळखता आलं. मालक चांगला माणूस होता. बुकिंगच्या टेबलावर बसा, म्हणाला, पगार तोच देतो. इम्तियाजने गाडीची किल्ली त्याच टेबलावर ठेवली आणि तो घरी आला. त्याच्या हातून त्या दिवसापर्यंत एकही अपघात झालेला नव्हता.

हे सगळं शाल्मलीला दुसऱ्यांकडून कळत होतं. तिने फोन केले, तो उचलत नव्हता. एकदा ती मिरजेला त्याच्या घरापर्यंत जाऊन परत फिरली.

लग्नाच्या जाहिरातींत तोपर्यंत एक नवा शब्द आला होता. सुशिक्षित, निर्व्यसनी, हात स्वच्छ. वधू-वर मंडळं पत्रिकेसोबत हाताचा दाखला मागू लागली, मग मुलामुलीच्या आईवडिलांचाही. आजार वारशाने क्वचितच येतो, असं डॉक्टर ऐनापुरे जाहीर सभांतून सांगत फिरत होत्या. सभेला माणसं येत, ऐकत, आणि घरी जाऊन दाखला मागत.

अशी काही वर्षं उलटून गेल्यावर एका दुपारी इम्तियाजचाच फोन आला. "घरी ये," एवढंच म्हणाला.

त्याची बायको नसीम शाळेत शिकवायची, ती अजून आली नव्हती. घरात तो आणि अफरीन. अफरीन फार्मसी करून मिरजेतल्याच एका हॉस्पिटलात लागली होती. शाल्मलीला ती लहानपणापासून फुफी म्हणायची, आत्या. तिचं कोल्हापूरला ठरलं होतं, तारीखही जवळ आली होती, आणि आदल्या दिवशी तिकडून नकार आला होता.

"त्यांनी आम्हाला दाखला मागितलाच नाही," इम्तियाज म्हणाला. "भली माणसं. मुलाच्या मामाने कुठूनतरी माझी जुनी सावली शोधून काढली. दंडोबाच्या गुहेची. अन् फोनमध्ये घालून बघितली." तो थोडा थांबला. "आमच्यात पत्रिका बघत नाहीत, शालू. मला त्याचं फार बरं वाटायचं. आता आमच्यातही आली."

माफी मागावी असं शाल्मलीच्या मनात आलं, पण कोणत्या गोष्टीची, ते तिला नीट मांडता येईना. तिने खेळ बनवला होता. त्याला सांगायला उशीर केला होता. त्याच्या गाडीत बसली नव्हती. यातलं कुठलंही एक उच्चारलं तर बाकीचं लपवल्यासारखं झालं असतं.

"मी भांडायला नाही बोलावलं," इम्तियाज म्हणाला. "हिला तुझ्याशी बोलायचंय. मी चहा टाकतो." तो आत गेला.

अफरीन शाल्मलीच्या समोर येऊन बसली. तिचे डोळे सुजलेले होते, आवाज मात्र शांत होता.

"फुफी, मी सहा वर्षांची असल्यापासून अब्बांच्या गुहा खेळलेय. सगळ्या. माझ्या सावल्या तुमच्याकडे असणार."

"आहेत."

"पुसल्या नाहीत?"

"तू सांगितलं नव्हतंस."

"वळणाने बघितल्यात?"

शाल्मलीने खोटं बोलायचं नाही असं घरातून निघतानाच ठरवलं होतं. "बघितल्या," ती म्हणाली. "अब्बांचं कळलं त्याच आठवड्यात."

"मग?"

"तुझा हात स्वच्छ आहे."

जाहिरातीतला तो शब्द आपल्याच तोंडून बाहेर पडला, हे शाल्मलीला जाणवलं. पण ते खरं होतं. तिने उलटसुलट तपासून, जुन्या सावल्या नव्यांशी ताडून खात्री केली होती. मुलीचा आलेख सपाट होता.

अफरीनचा चेहरा जरासुद्धा सैल झाला नाही.

"अब्बांना तुम्ही तीन महिने सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "ते विचारेपर्यंत. आता मी विचारतेय म्हणून सांगताय. माझा हात वाईट निघाला असता, तर आज काय सांगितलं असतं?"

कराडच्या त्या बेसिनपाशी इम्तियाजने आपला हात समोर धरून बघितला होता, ते शाल्मलीच्या डोळ्यांपुढे आलं. समोरच्या पोरीचं लग्न नुकतंच मोडलं होतं. तिला खोटं सांगणं सोपं होतं. खरं सांगितलं तर आत्ताच सांगितलेल्या खऱ्याला काही किंमत उरणार नव्हती.

"हेच सांगितलं असतं. हात स्वच्छ आहे, असंच," ती म्हणाली.

अफरीनने सावकाश मान हलवली. "मला वाटलंच," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारातून बारीक आवाज आला. इम्तियाज ट्रे घेऊन येत होता, पाऊल जपून टाकत. ट्रेमधले कप एकमेकांना लागून किणकिणत होते, थांबत होते, पुन्हा किणकिणत होते. दोघींनीही मान वर केली नाही. अफरीन उठायला लागली.

"बस," तो म्हणाला. "येतंय मला."